पस्तीस इंची हट्ट

आपल्याकडे पिकअप माल पाठीवर घेते. मागे जोडून ओढायचं काम ट्रॅक्टरचं, आणि उसाच्या हंगामात त्याच्यामागच्या दोन ट्रॉल्यांत किती टन भरलेत हे कुणी कुणाला विचारत नाही. अमेरिकेत पिकअपची सगळी अब्रू ती मागे किती ओढते यावर. बोट, घोड्यांचा ट्रेलर, नाहीतर चाकांवरचं अख्खं घर. जाहिरातीत सगळ्यांत ठळक आकडा ओढण्याचा असतो, आणि तो पौंडांत असल्यामुळे आणखीच दणदणीत वाटतो.

डेन्व्हरजवळ ऑरोरामध्ये स्मितावहिनींच्या दारात अशी एक पिकअप उभी असते. फोर्ड एफ-१५०, साडेतीन लिटरचं टर्बो इंजिन, चारही चाकांना ड्राइव्ह, एक्सलचा रेशो ३.५५ (चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे ३.५५ फेरे; आकडा जितका मोठा तितका ओढण्याचा जोर जास्त). उन्हाळ्यात तिच्यामागे सात हजार पौंडांचा, म्हणजे जवळजवळ सव्वातीन टनांचा, कॅम्पिंगचा ट्रेलर लागतो. ट्रेलर असला की स्टिअरिंगवर वहिनीच. अनिरुद्धदादा शेजारी बसून नकाशा बघतात आणि शक्यतो बोलत नाहीत. दादांचा धाकटा भाऊ निखिल ऑटोमोबाइल इंजिनिअर. मूळचे टायर काढून पस्तीस इंची, जाड नक्षीचे टायर लावायचे आणि गाडी दोन इंच उचलायची, असं त्याच्या मनात आलं. वहिनी ऑडिटच्या कामातल्या. मी त्या घरचा पाहुणा, त्यामुळे भांडण फुकटात ऐकायला मिळालं. आकडेमोड मागाहून मी स्वतः करून पाहिली आहे.

निखिल : वहिनी, व्यासात फरक तीन इंचांचा. गाडी त्याने वर जाणार दीड इंच. दीड इंचासाठी एवढा आरडाओरडा?

वहिनी : फरक दीडच इंचाचा असेल तर भावजी, तुम्ही तरी त्यासाठी एवढे डॉलर का मोजताय?

निखिल : दिसतं किती झकास, ते बघा की.

वहिनी : हे कबूल केलंत ते बरं झालं. आता ओढण्याचं बोलू.

टायरवरचा मजकूर वाचायला अवघड नाही, पण कुणी वाचत नाही. या गाडीचे मूळ टायर २७५/६५ आर १८. रुंदी २७५ मिलिमीटर. रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंतची भिंत, म्हणजे साइडवॉल, त्या रुंदीच्या ६५ टक्के, साधारण १७९ मिलिमीटर. ती वर एकदा आणि खाली एकदा धरली की चौदा इंच. त्यात रिमचे अठरा मिळवले की टायरची पूर्ण उंची ३२.१ इंच. ओढण्याच्या हिशेबात ही शेवटची उंचीच महत्त्वाची, रिमची नाही. रिम अठराचं वीस केलं आणि टायर २७५/५५ आर २० घेतला, तर उंची ३१.९ येते, म्हणजे गाडीच्या गिअरना काही कळतसुद्धा नाही. ‘मोठी चाकं लावली’ म्हणणाऱ्याने नुसतं रिम मोठं केलंय की टायरचा घेर वाढवलाय, हे आधी विचारावं. अर्धे वाद तिथेच मिटतील.

निखिलचा टायर ३५ इंची, म्हणजे मूळच्यापेक्षा नऊ टक्के मोठा. इंजिनाचा जोर गिअरमधून, एक्सलमधून चाकाच्या मध्याशी येतो आणि तिथून टायरच्या कडेने रस्ता ढकलतो. मध्यापासून कड जितकी लांब, तितकी ढकलण्याची ताकद कमी. सायकलचा मोठा गिअर टाकून घाट चढायला घेतला की मांड्यांना जे कळतं, तेच हे. ३.५५ चा एक्सल पस्तीस इंची टायरखाली ३.२६ च्या एक्सलसारखा वागू लागतो. रस्त्यावर पोचणारा जोर आठ टक्क्यांहून थोडा जास्त घटतो.

वहिनी : आता कंपन्या काय करतात ते सांगते. राम १५०० घ्या. तेच हेमी इंजिन, तीच बॉडी, पण ३.२१ चा एक्सल घेतला तर ३.९२ च्या गाडीपेक्षा ओढण्याचा आकडा सुमारे तीन हजार पौंडांनी कमी छापतात. नुसत्या एक्सलच्या दातांसाठी तीन हजार. तुम्ही एक्सल न उघडता तेच करताय, आणि ब्रोशरमधला जुना आकडा मला दाखवताय.

निखिल : ते ब्रोशर मी तुमच्यापेक्षा जास्त वेळा वाचलंय. आता माझं ऐका. या गाडीला दहा गिअर आहेत. पहिला गिअर ४.७०. त्याला ३.५५ ने गुणलं की १६.७. पस्तीस इंची टायरमुळे तो उतरून १५.३ होतो. वीस वर्षांपूर्वीच्या चार गिअरच्या एफ-१५० चा पहिला गिअर होता २.८४. ३.५५ च्याच एक्सलला गुणाकार येतो दहा. त्या गाड्यांनी लोकांच्या बोटी ओढल्याच ना? मी टायर मोठे करूनही त्यांच्या दीडपट जोर देतोय.

वहिनी : सुटतानाचं झालं. चढाचं काय?

निखिल : चढावर तर माझी बाजू आणखी भक्कम. एकाच वेगाने चढत असताना लागते ती इंजिनाची पॉवर, आणि टायर बदलल्याने पॉवर बदलत नाही. आठ टक्के जोर कमी पडला की गाडी एक गिअर खाली येते आणि इंजिन हवं त्या आरपीएमवर जाऊन बसतं. चार गिअर होते तेव्हा दोन गिअरमध्ये मोठी दरी असायची. दहा गिअरमध्ये एक पायरी उतरलं की भरपाई झाली.

इथे वहिनी गप्प झाल्या. निखिल बरोबर बोलत होता, आणि ही बाजू फारसं कुणी इतकी नीट मांडत नाही. मोठ्या टायरने गाडीची ताकदच जाते असं सरसकट म्हटलं जातं. ताकद कुठे जात नाही. ती रस्त्यावर कोणत्या गिअरमधून उतरते एवढंच बदलतं. वरच्या सगळ्या गिअरना खाली सरकायला जागा आहे. पहिल्याला नाही, कारण त्याच्याखाली काही उरलेलंच नाही.

डेन्व्हरकरांसाठी चढ म्हणजे आय-७०. पश्चिमेला आयझेनहॉवर बोगद्याकडे जाताना रस्ता ११,००० फुटांच्या वर पोचतो आणि चढ सात टक्क्यांपर्यंत जातो. दर हजार फुटांमागे बिनटर्बोचं इंजिन साधारण तीन टक्के पॉवर गमावतं. बोगद्याच्या तोंडाशी तीसेक टक्के गेलेलेच असतात. या गाडीला टर्बो आहे, त्यामुळे तिला ते फारसं जाणवत नाही. हेही निखिलच्या बाजूने धरायला हवं.

वहिनी : तुम्ही सगळं पुढे जाण्याचं बोललात. कॅम्पग्राउंडवर ट्रेलर कोण लावतं?

निखिल : तुम्हीच लावता, आणि छान लावता.

वहिनी : चढावरच्या जागेत, रिव्हर्समध्ये, सात हजार पौंड मागे ढकलत. रिव्हर्सला दहा गिअर असतात का हो भावजी?

निखिल : एकच असतो.

वहिनी : मग तिथे पायरी कुठे उतरायची?

निखिल : फोर-लो टाकायचं. अडीच पटींहून जास्त जोर मिळतो.

वहिनी : खडीवर टाकेन. आपल्या घरच्या काँक्रीटच्या उतारावर स्टिअरिंग पूर्ण वळवून फोर-लोमध्ये रिव्हर्स घेतलं की चारही चाकं घासत, कुरकुरत, उड्या मारत जातात. ते मी एकदा केलंय आणि पुन्हा करणार नाही.

वहिनींनी रिव्हर्सची गोष्ट अनुभवातून काढली, पण ती ओढण्याच्या अधिकृत चाचणीतही आहे. अमेरिकेत बरीच वर्षं जो तो आपापल्या मनाचा आकडा छापत असे. मग एसएई या इंजिनिअरांच्या संस्थेने जे-२८०७ नावाची चाचणी ठरवली. टोयोटाने ती २०११ च्या मॉडेलांपासून पाळली, डेट्रॉइटच्या तीन मोठ्या कंपन्यांच्या अर्ध्या टनी, म्हणजे एफ-१५० च्या वर्गातल्या, गाड्या २०१५ च्या सुमारास तिच्यात आल्या. अ‍ॅरिझोनात डेव्हिस धरणापासून वर जाणारा सव्वाअकरा मैलांहून थोडा लांब चढ आहे. शंभर अंश फॅरनहाइटच्या उन्हात, एसी पूर्ण लावून, ट्रेलरसकट तो चढायचा आणि वेग ताशी चाळीस मैलांच्या खाली जाऊ द्यायचा नाही. याखेरीज एक चाचणी आहे तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही : बारा टक्के चढावर ट्रेलर लावून थांबायचं आणि पाच मिनिटांत पाच वेळा सोळा फूट पुढे, तसंच पाच वेळा मागे सरकून दाखवायचं. यात इंजिनाची पॉवर फारशी विचारात येत नाही. पहिला गिअर, रिव्हर्स, एक्सल आणि टायरची उंची, यांवर बरंचसं अवलंबून. दहा गिअर जिथे निखिलच्या कामाचे नाहीत, नेमकं तिथेच ही चाचणी बोट ठेवते.

निखिल : ठीक आहे. एक्सल बदलू. ४.१० चं क्राउन-पिनियन घालतो. पस्तीस इंची टायरवर ते ३.७६ सारखं वागेल, म्हणजे कंपनीच्या मूळ ३.५५ पेक्षाही वरचढ. आता बोला.

वहिनी : पुढचं आणि मागचं, दोन्ही?

निखिल : फोर व्हील ड्राइव्ह आहे, दोन्ही करावीच लागतील.

वहिनी : म्हणजे टायरांइतकाच खर्च पुन्हा. बरं, त्याने ब्रेक किती वाढतील?

निखिल : ब्रेकचा आणि एक्सलच्या रेशोचा संबंध नाही.

वहिनी : म्हणूनच विचारलं.

त्यांच्या भांडणातलं मला सगळ्यांत पटलेलं वळण हे. मध्यापासून कड लांब गेली की इंजिनाचा जोर कमी पोचतो, तसाच ब्रेकचाही कमी पोचतो. पायाने तेवढंच दाबलं, डिस्कवर तेवढीच पकड बसली, तरी रस्त्यावर थांबवणारी ताकद आठ टक्के घटते. इंजिनाने मिळणाऱ्या ब्रेकचंही तेच. लांब उतारावर खालच्या गिअरमध्ये टाकून इंजिनाने गाडी आवरायची, तर तिथेही ३.५५ चं ३.२६ झालेलं असतं. एक्सल बदलून हा दुसरा तोटा भरून निघतो, पहिला नाही. त्यात टायर आणि रिम जड, आणि ते वजन घेराच्या कडेला फिरतं, त्यामुळे थांबवायला आणखी जड. ट्रेलरला स्वतःचे इलेक्ट्रिक ब्रेक असतात आणि सव्वातीन टनांचं बरंचसं काम ते करतात, हे खरं. पण बोगद्यातून पलीकडे सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी रस्त्याच्या कडेला खडीचे चढते फाटे करून ठेवलेत. तिथून जाताना मला ट्रेलरच्या ब्रेकवर फार भरवसा ठेवावासा वाटत नाही. चढावर कमी पडलात तर मागचा हॉर्न वाजवतो, फार तर. उतारावर कमी पडण्याचा प्रकार वेगळा.

निखिलने यावर मोठ्या डिस्क आणि नवे पॅड सुचवले. वहिनींनी खर्चाच्या कागदावर टायर आणि एक्सल यांच्याखाली तिसरा खर्च लिहिला. एक गोष्ट बदलायची म्हणून सुरू केलेलं काम चौथ्या गोष्टीपर्यंत कसं जातं, ते त्या कागदावर दिसायला लागलं होतं.

स्पीडोमीटरचं प्रकरण मी लवकर आटोपतो. काटा साठ दाखवेल तेव्हा गाडी ताशी पासष्टच्या थोडी वर असेल. सॉफ्टवेअरमध्ये नवा घेर भरला की ते दुरुस्त होतं आणि गिअर कधी बदलायचा याचं गाडीचं गणितही सुधारतं. निखिल ते दहा मिनिटांत करेल. वहिनींनीही त्यावर वाद घातला नाही.

वाद पुन्हा पेटला तो टायर किती वजन पेलतो यावर, आणि इथे दोघांनी एकमेकांना चांगलंच पकडलं.

वहिनी : मी तुमच्या टायरचा तक्ता बघितला. ३५ × १२.५० आर २०, लोड रेंज ई. ६५ पीएसआयला ३,१९५ पौंड. आपल्याच मूळ मापात एलटी, म्हणजे लाइट ट्रकचा, टायर मिळतो, त्याचीही रेंज ई. तो ८० पीएसआयला ३,४१५ पेलतो. म्हणजे धाकटा टायर जास्त पेलतो. मोठा टायर म्हणजे मजबूत टायर, हे कुणी सांगितलं तुम्हाला?

निखिल : तुलना चुकीची करताय. आता गाडीला आहेत ते एलटी नाहीत, साधे प्रवासी गाडीच्या जातीचे आहेत. त्यांचा लोड इंडेक्स ११६, म्हणजे २,७५६ पौंड. तसला टायर पिकअपला लावला की नियमाने त्याला १.१ ने भागायचं. राहिले २,५०५. माझा टायर प्रत्येक चाकावर त्यापेक्षा सातशे पौंड जास्त पेलतो.

वहिनी : हे मला माहीत नव्हतं.

निखिल : आणि पस्तीस इंचीतही रेंज एफ मिळते. ८० पीएसआयला ३,६४०.

वहिनी : म्हणजे तुमचे टायर लावले की मी सातशे गुणिले चार, अठ्ठावीसशे पौंड जास्त सामान भरू शकते?

निखिल : तसं नाही. स्प्रिंगा, एक्सल, फ्रेम तेच राहतात.

वहिनी : मग ते सातशे पौंड कुठे गेले?

निखिलला उत्तर माहीत होतं, त्याने दिलं नाही. साखळीतली एक कडी जाड केल्याने साखळीची ताकद वाढत नाही. बाजारातली बरीचशी महागडी टायरखरेदी याच गैरसमजावर चालते. उलट वहिनींचं एलटीचं म्हणणं खरोखर उपयोगाचं. मूळ मापातच एलटी टायर घेतला तर गिअर, ब्रेक, स्पीडोमीटर जागच्या जागी राहतात आणि साइडवॉल जास्त ताठ मिळते. ट्रेलर मागून डोलायला लागतो तेव्हा टायरची भिंत किती लवते हे हातांना स्टिअरिंगमध्ये कळतं. एक अट आहे : एलटी टायर तेवढंच वजन पेलायला जास्त हवा मागतो. दारावर लिहिलेले ३५ पीएसआय भरून निघालात तर नवा मजबूत टायर जुन्यापेक्षा कमी पेलेल. दुकानदार हे दर वेळी सांगेलच असं नाही.

हवा कमी आणि वजन जास्त यांचाही हात असलेला प्रकार अमेरिकेने २००० साली पाहिला. फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवरच्या फायरस्टोन टायरांची वरची पट्टी वेगात निसटून गाड्या उलटल्या. दोनशेहून जास्त माणसं गेली, लाखो टायर परत मागवावे लागले. त्या प्रकरणात टायर बनवणारा एका गोष्टीकडे बोट दाखवत होता आणि गाडी बनवणारा दुसऱ्या. पण त्यातूनच आलेल्या कायद्यामुळे आज अमेरिकेत प्रत्येक नव्या गाडीत हवा कमी झाल्याचा दिवा असतो. निखिलला तो दिवा कटकटीचा वाटतो, कारण वाळूत जाताना तो मुद्दाम हवा उतरवतो.

लिफ्टबद्दल वहिनींचं एकच वाक्य होतं. गाडी टायरने दीड आणि लिफ्टने दोन, मिळून साडेतीन इंच वर गेली की हिचचा, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या जोडणीचा, गोळाही साडेतीन इंच वर जातो, ट्रेलरचं नाक उचललं जातं आणि नाक उचललेला ट्रेलर रस्त्यावर शेपूट हलवायला लागतो. हिच तेवढाच खाली घेता येतो, असं निखिल म्हणाला. वहिनींनी चौथा खर्च लिहिला.

निखिल : एक सांगा वहिनी. हे सगळं इतकं वाईट असेल तर कंपन्या स्वतः पस्तीस इंची टायर लावून गाड्या का विकतात? फोर्ड रॅप्टर विकते, रामने टीआरएक्स विकली.

वहिनी : त्यांचे ओढण्याचे आकडे पाहिलेत?

निखिल : २०२१ ची रॅप्टर ८,२००.

वहिनी : आणि साध्या एफ-१५० चा, त्याच वर्षीचा, जास्तीत जास्त?

निखिल : चौदा हजार. पण त्याला कारण टायर नाही. सस्पेन्शन मऊ आहे, चाकांना वर-खाली व्हायला जागा जास्त ठेवलीय. वाळवंटात उड्या मारायला बनवलेली गाडी आहे ती.

वहिनी : टीआरएक्सचं इंजिन ७०२ हॉर्सपॉवरचं होतं. ओढायची ८,१००. तिच्याच घरातली साधी राम, ३९५ हॉर्सपॉवरची, योग्य एक्सल असला तर तेव्हा १२,७५० पर्यंत ओढायची. कारण टायर नसेल, सस्पेन्शन असेल, मान्य. पण त्यांनी टायर मोठे केले, गाडी उचलली, मऊ केली, आणि आकडा खाली आणला. तुम्ही त्यातल्या पहिल्या दोन गोष्टी करणार, आणि आकडा तसाच ठेवणार.

निखिल हसला. मला वाटतं, त्याला खरोखर पटलं ते या वाक्याने. इंजिनिअरला नफातोट्याने फरक पडत नाही. आपल्याच क्षेत्रातल्या माणसांनी हाच प्रश्न आधी सोडवलाय आणि उत्तर वेगळं काढलंय, हे दाखवलं की पडतो. तरी त्याने एक फट शोधलीच. ते आकडे चौदा हजारांचे. आपण ओढणार सात हजार. अकरा हजारांच्या वर ओढायचा परवाना असलेल्या गाडीने सात ओढताना दहा टक्के इकडेतिकडे झाले तर बिघडलं कुठे?

मग वहिनींनी ड्रायव्हरचं दार उघडलं. दाराच्या चौकटीवर पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्याचं स्टिकर असतं, टायरचं माप आणि हवा सांगणारं. त्यावर एक ओळ : माणसं आणि सामान मिळून वजन १,५६० पौंडांच्या वर कधीही जाऊ नये. हा आकडा त्याच एका गाडीचा असतो, ब्रोशरसारखा सगळ्यांचा नाही. ट्रेलर जमिनीवर चालतो, पण त्याच्या वजनाचे दहा ते पंधरा टक्के हिचवरून पिकअपच्या पाठीवर बसतात. सात हजारांचे तेरा टक्के धरले तर नऊशे दहा. घरातली चौघं ५६०. वजन वाटून देणारा हिच स्वतः शंभर. बेरीज १,५७०. पौंड-दोन पौंड मी इकडेतिकडे केले असतील, पण सरळ मुद्दा असा की अकरा हजारांची गाडी सातवरच भरली. कुटुंबासकट पिकअपने ट्रेलर ओढणाऱ्यांना बहुतेक वेळा हाच आकडा आधी आडवा येतो, ओढण्याचा नव्हे.

निखिल : हिच वजन वाटून देतो म्हटलं की थोडं ट्रेलरच्या चाकांवर परत जातं. तुम्ही पूर्ण नऊशे दहा गाडीवर टाकलेत.

वहिनी : किती परत जातं?

निखिल : ते तोलल्याशिवाय नाही सांगता येणार.

वहिनी : चला मग.

हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केलचा काटा असतो. पुढची चाकं एका पट्टीवर, मागची दुसऱ्या, ट्रेलरची तिसऱ्या, आणि तिन्हींची वजनं वेगवेगळी छापून येतात. एकंदर वजनासाठी नव्हे, प्रत्येक एक्सलवर काय बसलंय ते कळण्यासाठी ट्रकवाले तो वापरतात. दादा, मुलगी, निखिल, वहिनी गाडीत बसले. पाण्याची टाकी, गॅसचे सिलिंडर, खुर्च्या, सगळं प्रवासाला निघाल्यासारखं भरलं. मला घेतलं नाही. पाहुण्याच्या वजनाने हिशेब बिघडतो, असं वहिनी म्हणाल्या.

पुढचा एक्सल ३,०८०. मागचा ३,८८०. ट्रेलरचे ६,२००. पिकअपवर एकूण ६,९६०, आणि दारावरच्या दुसऱ्या स्टिकरवर तिची मर्यादा ७,०५०. उरले नव्वद. निखिलचं म्हणणं खरं निघालं होतं, हिचने शंभराच्या आसपास पौंड मागे परत पाठवले होते. त्याने चिठ्ठी वहिनींसमोर धरली.

निखिल : बघा, आहेत नव्वद.

वहिनी : तुमचं एक चाक, रिमसकट, आताच्यापेक्षा किती जड?

निखिल : तीस-पस्तीस पौंड.

वहिनी : गुणिले चार. शिवाय लिफ्टचं लोखंड. शिवाय स्टेपनी त्याच मापाची घ्यावी लागेल.

निखिल : स्टेपनी जुनीच ठेवली तर?

वहिनी : फोर व्हील ड्राइव्हला एक चाक तीन इंचांनी लहान? तुम्हीच सांगा, इंजिनिअर तुम्ही.

निखिलने सांगितलं नाही. वहिनींनी मधला मार्ग पुढे केला : २७५/७० आर १८, एलटी, उंची तेहतीस इंचांच्या थोडी वर. जोर तीनेक टक्के जाईल, रिम तेच राहील, वजन फारसं वाढणार नाही, लिफ्ट लागणार नाही. हा सल्ला मला तरी पूर्ण शहाणपणाचा वाटला. निखिल बराच वेळ टायरच्या आणि मडगार्डच्या मधल्या मोकळ्या जागेकडे बघत राहिला. तेहतीस इंचीने ती भरणार नव्हती.

निखिल : एक उपाय आहे. मी येत नाही कॅम्पिंगला. मी १७० पौंडांचा. नव्वद अधिक एकशे सत्तर, दोनशे साठ. पस्तीस इंची आरामात बसतात.

वहिनी : आणि ट्रेलर रिव्हर्समध्ये लावताना मागे उभं राहून हात कोण दाखवणार? तुमचे दादा?

दादा नकाशा बघत होते.